सर आणि फ्रान्समधल्या बंद शाळा

माझ्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांमध्ये दुसरा नसेल, आणि फ्रान्समधल्या जुन्या शाळा-कॉलेजांच्या इमारतींबद्दल त्यांच्याइतकं बोलणारा खुद्द फ्रान्समध्येही सापडणार नाही. नेपरव्हिलला माझ्या मुलीच्या घरी, म्हणजे त्यांच्या मुलाच्या घरी, ते राहतात. तिथली सगळी मराठी मंडळी त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मात्र मला शेठ म्हणतात. पार्सिपनीला माझा स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी ग्रॅनाइट कापून बसवण्याचा धंदा आहे. सुरुवातीला दुसऱ्यांचे दगड स्वतःच्या पाठीवर वाहून मी तो उभा केला. ‘शेठ’ या शब्दाला माझी हरकत नाही, तो उच्चारण्यापूर्वी सर जे किंचित थांबतात त्याला आहे. साखरपुड्यात कुणीतरी माझं शिक्षण विचारलं. दहावी, मी म्हणालो. त्यावर सर म्हणाले, “शेठची इमारत दणकट आहे, फक्त आत वर्ग भरले नाहीत.” अख्खा हॉल हसला. मीही हसलो, कारण मी मुलीचा बाप. एरवी मी बंदरावरच्या अधिकाऱ्यापासून ट्रकवाल्यापर्यंत कुणाशीही भांडतो आणि बहुधा जिंकतो. पण व्याह्यांपुढे मुलीच्या बापानं आवाज चढवायचा नाही, हे आईनं माझ्यात असं काही मुरवलंय की तीस वर्षं अमेरिकेत काढूनही ते जात नाही. त्या वाक्याला सात वर्षं झाली. ते अजून गिळलं गेलेलं नाही.

सर बसत नाहीत. जेवताना दुसरी पोळी यायला उशीर झाला तर तेवढ्यात घरातून एक फेरी मारून येतात. बर्फामुळे बाहेर पडता आलं नाही की गराजमध्ये दोन गाड्यांच्या मधून येरझाऱ्या घालतात. हातात जंक मेलचा पाठकोरा कागद, त्यावर फ्रान्समधल्या कुठल्यातरी कॉलेजचा नकाशा. चौक इथे, जिना तिथे, ग्रंथालयाच्या खिडक्या उत्तरेला. कुणी युरोपला निघाल्याची नुसती कुणकुण लागली की त्याची धडगत नसते. अ‍ॅशबर्नचा डेटा सेंटरमध्ये काम करणारा एक नवविवाहित मुलगा बायकोला घेऊन गणपतीला नेपरव्हिलला आला होता. दोघं पॅरिसला निघाली होती. सरांनी त्यांना आरतीनंतर कोपऱ्यात गाठून पाऊण तास शाळा सांगितल्या. त्याच्या बायकोनं दबक्या आवाजात आयफेल टॉवरचं विचारलं, तर म्हणाले, तो कुठूनही दिसतो, त्यासाठी मुद्दाम जावं लागत नाही. परत आल्यावर ती फोटो दाखवू लागली तेव्हा सरांनी एकच चौकशी केली: पार दक्षिणेकडच्या माँपेलिएच्या वैद्यक विद्यालयाचं दार उघडं होतं का? “काका, आम्ही हनिमूनला गेलो होतो यार,” असं तिच्या तोंडून निघून गेलं. सर खिन्न होऊन फेरी मारायला निघाले. नातीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, तर हे शिक्षिकेला न भेटता जिन्याजवळ वाकून पायरीची उंची वितीनं मोजत बसले. मुख्याध्यापिका धावत आली; तिला वाटलं, न कळवता तपासणी आली. नात मान खाली घालून म्हणत राहिली, “आबा, प्लीज, नॉट हिअर.”

गेल्या वर्षी सरांना पंचाहत्तरावं लागलं आणि त्यांनी फ्रान्सला जायचंच म्हणून धरलं. नकाशे पन्नास असले तरी मनातली इमारत एकच होती: पॅरिसच्या टेकडीवर एका जुन्या मठात भरणारी शाळा. मठाचा मनोरा अजून शाळेच्या मधोमध उभा आहे आणि संन्यासी जिथे जप करत तिथे आजची मुलं गणितं सोडवतात. शाळा चालू असल्यामुळे परक्यांना आत सोडत नाहीत. सरांना ती एकदा आतून बघायची होती, बाकी काही नको होतं. जावयांना रजा नव्हती, मुलीलाही नव्हती. तिनं मला फोन केला. “बाबा, तुम्ही जा ना त्यांच्याबरोबर. ते अजून एक महिना गराजमध्ये फिरले तर मी वेडी होईन.” मी गेलो. तिकिटं मीच काढली, आणि मी काढली म्हणजे घासाघीस आलीच. एजंटाशी तीन दिवस वाद घातला. शेवटी तो म्हणाला, आठवडाभर उशिरा निघा, तुम्हाला पाय पसरायला जागा असलेल्या सीट देतो. मी लगेच तारीख बदलली. सरांना कळवली तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी पाहिलं आणि “ठीक आहे” एवढंच म्हणाले.

माँपेलिएला त्यांनी मला वैद्यक विद्यालयाच्या दारात उभं केलं आणि शेजारच्या चर्चचे ते प्रचंड गोल खांब दाखवून तासभर माहिती दिली. मी दगडावर हात फिरवला. माझ्या धंद्यात इतका खरबरीत माल गिऱ्हाईक दारातूनच परत पाठवेल, असं मी म्हणालो. सर पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर मनापासून हसले. मग आम्ही पॅरिसला आलो. टेकडीवरच्या त्या शाळेभोवती सरांनी सकाळपासून चार फेऱ्या मारल्या, पण दाराशी जाऊन विचारेनात. तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला सरांच्या खोलीतलं कॅलेंडर दिसलं होतं. “बाबा, गेल्या रविवारावर लाल गोल आहे. वर्षातून एकदा तिकडे अशा बंद इमारती लोकांसाठी उघडतात, त्याचा दिवस होता तो. तुम्ही तारीख बदलताना त्यांना विचारलं नाहीत?”

मी विचारलं नव्हतं. पाय पसरायला मिळावेत म्हणून मी त्या माणसाचं दार बंद करून टाकलं होतं. मला आधी राग आला तो त्यांचाच. ते समोरच्या बाकाजवळ उभे होते, तिथे जाऊन मी म्हणालो, तुम्ही मुलाचे वडील, एक शब्द बोलला असतात तर मी एजंटाच्या मानगुटीवर बसलो असतो. सर मनोऱ्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही इतक्या हौसेनं सांगितलंत, शेठ. म्हटलं, बाहेरून तर बाहेरून. मला सवय आहे.” मग चालता चालता ते जे बोलले ते मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं. ते बावीस वर्षं ज्या शाळेचे मुख्याध्यापक होते तिला इमारतच नव्हती. शाळा धान्याच्या गोदामात भरायची. हंगामात पोती आली की मुलं दप्तरं घेऊन देवळाच्या मंडपात जायची, तिथे लग्न निघालं की वडाखाली. हे त्यांनी आपल्या मुलालाही नीट सांगितलेलं नव्हतं. “कुणाला बोलू नका,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी त्यांना जवळजवळ ओढत दाराशी नेलं आणि बेल दाबली. पहारेकरीण बाहेर आली, साठीची, हातात किल्ल्यांचा जुडगा. मी फोनमध्ये बोलायचो, फोन तिला फ्रेंचमध्ये ऐकवायचा. अमेरिकेहून आलोय म्हटलं; ती मान हलवून नाही म्हणाली. फक्त पाच मिनिटं; नाही. माझा आवाज चढला, तिचाही चढला. दार लोटलं जाऊ लागलं तेव्हा मी माझं ठेवणीतलं शेवटचं अस्त्र बाहेर काढलं. हे मुख्याध्यापक आहेत, मी सांगितलं, यांच्या शाळेला कधी इमारत नव्हती, यांची मुलं धान्याच्या पोत्यांमध्ये शिकली. फोननं ते खणखणीत आवाजात ऐकवलं. नेपरव्हिलच्या लायब्ररीत चार वर्षं फ्रेंचच्या वर्गाला बसलेला माणूस माझ्या मागेच उभा आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. बाईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि दार उघडं धरलं.

मनोऱ्याकडे सरांनी फारसं पाहिलंच नाही. ते एका व्हरांड्यात भिंतीवरच्या खुंट्यांच्या रांगेपुढे थांबले. प्रत्येक मुलाला एक खुंटी. एकीवर कुणाचा तरी मफलर राहिला होता. सर त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू चालत गेले. मग जिना, पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या. इतका दगड झिजायला किती मुलं लागत असतील, असं त्यांनी मला विचारलं. दगडातलं सगळं कळतं असं मी आयुष्यभर सांगत आलो, तरी वाकून त्या खोलगट पायरीवर तळहात ठेवून पाहिला.

बाहेर येऊन आम्ही रस्ता ओलांडला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. सर थांबले.

“शेठ, तुम्ही तिला अर्धंच सांगितलंत.”

“म्हणजे?”

“इमारत मंजूर झाली होती. एकदा नाही, तीनदा.”

मी फोन काढला, म्हटलं, आत्ता सांगून येतो. त्यांनी माझा हात खाली केला, कोटाची कॉलर नीट केली आणि स्वतःच रस्ता ओलांडून परत गेले. दार उघडलं. गाड्यांच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं, आलं असतं तरी कळलं नसतं. बाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बोलता बोलता सरांनी हात वर केला, आणि अलीकडून मला त्यांची तीन बोटं दिसली.