काकांच्या शब्दांचा क्रम

जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या मथळ्याखाली बसतेच, यावर आमच्या घरमालकीण काकूंइतका विश्वास असलेलं माणूस अख्ख्या अमरावतीत सापडणार नाही. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा मुलाने त्यांच्या लॅपटॉपवर याद्या करायचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. मथळा, त्याखाली उपमथळा, त्याच्या पोटात आणखी ओळी. बाण दाबला की सगळं मिटतं, पुन्हा दाबला की उघडतं. काकूंना घबाडच मिळालं. 'पाहुणे' या मथळ्याखाली 'चहा घेणारे', त्यात 'बिनसाखरेचे', आणि त्यातही 'बिनसाखरेचा मागून वर सोनपापडी खाणारे' असा पोटविभाग होता. त्यात मी एकटाच होतो. मी तर भाडेकरू, पाहुण्यांत कसा, असं विचारलं तर म्हणाल्या, "भाडेकरूमंदीही हायेस तू. दोन्हीकडं पाय." वरूडहून संत्र्यांची पेटी आली की आधी वाटपाची यादी व्हायची, मग पेटी उघडायची. एकदा यादीतली शेजारीण माहेरी गेलेली निघाली, तर तिच्या वाट्याची चार संत्री लॅपटॉपशेजारी सुकून गेली, कारण 'शिल्लक' असा मथळाच नव्हता.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. पुढे एकेक शब्द परत येऊ लागला, तसा काकू तो आल्या क्रमाने लिहून ठेवू लागल्या. पहिला शब्द होता 'मीठ'. भाजीत कमी पडलं होतं. मग 'पंखा', 'नको', 'वांगं'. काकूंचं स्वतःचं नाव सत्ताविसावं आलं. "वांग्याच्याही मांगून आली मी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि हसत.

अकोल्याच्या डॉक्टरांना दाखवायला ती यादी छापायची होती, म्हणून एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. यादी मला विस्कळीत वाटली. मी कुणालाही न विचारता क्रम लावायचं बटण दाबलं. सगळे शब्द अकारविल्हे लागले. फाइल जतन करून बंद केली आणि मान वर केली, तर खुर्चीतून काका माझ्याकडे बघत होते.

काकूंनी चहा ठेवून फाइल उघडली. सगळ्यांत वर त्यांचंच नाव होतं, कारण ते 'अ'ने सुरू होतं.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या बोटांकडे पाहत हळूच म्हणाल्या, "सकाळी माह्याच हातून कायतरी दाबल्या गेलं असन."

केलेलं मागे घ्यायची सोय फाइल बंद करतानाच गेली होती. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, काकू."

पुढचे आठ दिवस त्या एकेक ओळ धरून वर-खाली सरकवत होत्या. सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःचं नाव खाली नेलं. आठवेनासं झालं की मला हाक मारत आणि विचारत, 'जयभीम' आधी आला की 'पेपर'? मी अंदाजाने काहीतरी ठोकून देई. त्या ते खरं मानून तसंच लिहीत.

काका आता बरंच बोलतात. मागच्या आठवड्यात त्यांनी तिवस्याच्या शाळेतल्या चोरीला गेलेल्या घंटेची गोष्ट सांगितली, अडखळत, पण पूर्ण. काकू भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणजे आता ते काहीही सांगू शकतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी उठायला लागलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बस ना," ते म्हणाले. "काहून घाई करून राहिला?"

मी बसलो.