दाजींचे ठिपके

माणसांवर इतका जीव असलेला आणि माणसांना इतका कमी कळलेला माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत धुंडाळूनही दुसरा सापडणार नाही. तो माणूस म्हणजे माझे साडू. आणि अशा माणसाचं नाव आमच्या गावात खराब झालं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे आणि त्या सांगताना मी फार सज्जन वाटण्याचा संभव आहे.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. आमच्या अवसरी बुद्रुकला येऊन येऊन ते पुढे सगळ्या गावाचेच दाजी झाले. राहायला जुन्नरात, जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात. नोकरीत असताना कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा काढतात, यांनी लॅपटॉपवर एक गाव वसवलं. त्या गावात घरं नव्हती, रस्ते नव्हते, नुसते ठिपके होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक शेतकरी. प्रत्येकाला दाजींनी एकेक स्वभाव दिला होता. हा घाबरट, हा हट्टी, हा शेजाऱ्यावर जळणारा, हा बायकोला विचारल्याशिवाय हलत नाही. स्वभाव देऊन झाले की दाजी त्यांना सोडून द्यायचे आणि ते एकमेकांत राहून काय करतात ते बघत बसायचे. एखाद्या ठिपक्याचं फारच वाईट चाललं असेल तर दाजींना जेवण जात नसे. "जरा थांब गं, त्याचा कांदा सडतोय," असं ते आतून ओरडत आणि माझी मेव्हणी ताटावर ताट झाकून आमच्याकडे बघत म्हणे, "घरात दोन माणसं, त्यांचं एकमेकांशी जमंना, आन् ह्यांनी तिथं अख्खं गाव नांदवायला घेतलंय."

बाहेर पडले तरी त्यांचे डोळे तेच शोधत. जुन्नरच्या स्टँडवर एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी स्वतःचं पोर आत टाकून जागा धरतात. ते कोण आधी सुरू करतं, दुसरा त्याच्याकडे बघून धावतो की आपल्या बुद्धीने, हे बघत दाजी खांबाला टेकून उभे राहत. गाडी भरे, कंडक्टर घंटी मारे आणि गाडी निघून जाई. मग दाजींच्या लक्षात येई की आपल्यालाही जायचं होतं. ओझरला चतुर्थीला गेले तर विघ्नहराचं दर्शन घेऊन बाहेर येत आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहत. एकदा तिसऱ्यांदा आत आलेले पाहून एका बाईंनी त्यांच्या भक्तीला तिथेच हात जोडले. मेव्हणी तिथल्या तिथे म्हणाली, "भक्ती कसली वो! देवाकडं पाठ करून मान्सं बघत व्हते!" दाजी मात्र खुशीत होते. रांग कुठे तुटते ते त्यांना कळलं होतं. एक माणूस घुसला तर लोक ओरडतात, दुसरा घुसला तर कुरकुरतात आणि तिसऱ्यानंतर ओरडणारेही घुसतात.

हे सगळं वेड कशासाठी, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "पाहुणे, मी एकेक माणूस बघतो तेव्हा तो शहाणाच असतो. वाईट तर कुणीच नसतो. मग सगळे मिळून असं का करतात, की ज्यात सगळ्यांचंच नुकसान आहे?" हे विचारताना त्यांच्या आवाजात हुशारी नव्हती, काळजी होती. घरातलं कुणी आजारी असावं तशी.

त्यांना आमचं गाव लागत होतं ते कांद्यामुळे. उन्हाळी कांदा काढला की आम्ही तो चाळीत, म्हणजे वारा खेळेल अशा लांबट कोठारात, भरून ठेवतो आणि भाव बघून चाळ फोडतो. कधी फोडायची हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. फार थांबलं तर कांदा सडतो, घाई केली तर मातीमोल जातो. दाजी रविवारी एसटीने येत, चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर बसत आणि भेटेल त्याला विचारत, "चाळ कधी फोडायची हे तुम्ही कुणाकडे बघून ठरवता?" प्रत्येक जण छाती काढून सांगे, "दुसऱ्याकडं बघायचं काय कारन? आपलं आपन ठरवतो." दाजी मान डोलवत. मग मला हळूच म्हणत, "दुसऱ्याकडे बघणारा एकही माणूस तुमच्या गावात नाही. आणि चाळी मात्र सगळ्यांच्या एकाच आठवड्यात फुटतात."

त्या बाकावर त्यांचा खरा सोबती किसनतात्या. तात्यांच्या घरात पूर्वापार मेंढरं. आता कांदा असला तरी थोडी मेंढरं अजून आहेत. ठिपक्यांची हकिगत ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजी कॉम्प्युटरात मेंढरं पाळलीत व्हय दाजी?"

"तसंच तात्या. फक्त माझ्या मेंढरांना आपण मेंढरं आहोत हे माहीत नाही."

"मंग आमची बरी. येक गेलं का समदी जात्यात, पन मागनं 'आपलं आपन ठरवलं' असं तरी म्हनत न्हाईत!"

दाजी इतके हसले की त्यांचा चहा सांडला. पुढच्या रविवारपासून तात्या बाकावर त्यांची जागा धरून ठेवू लागले, चक्क टॉवेल टाकून.

आता माझं.

एका रविवारी आम्ही जुन्नरला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण व्हायचं होतं आणि दाजी मला लॅपटॉपचा पडदा दाखवत होते. हिरवा ठिपका म्हणजे भरलेली चाळ, लाल म्हणजे फोडलेली. मधला एक ठिपका लाल झाला. मग त्याच्या शेजारचे. बघता बघता सगळं गाव लाल झालं. माझी चाळ तेव्हा भरलेली होती. दाजी सांगत होते, "हे भाकीत नाही हां पाहुणे. मी एकाला मुद्दाम घाबरवलं, बाकीचे काय करतात ते बघायला. काल घाबरवलं नव्हतं तर सगळे हिरवेच राहिले. हे खरं धरायचं नाही." मी ऐकलं. नीट ऐकलं. मला कळलंही. पण डोळ्यांनी लाल पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेम्पो बोलावला.

कांदा भरणं चालू असताना तात्या रस्त्याने जात होते. टेम्पो बघून थबकले. काल मी कुठे जेवायला गेलो होतो ते गावाला ठाऊक होतं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "काय वो मास्तर, दाजी काय म्हनलं?"

शाळेत मी मुलांना विचारतो त्यापेक्षा सोपा प्रश्न होता. 'दाजी काहीच म्हणाले नाहीत, मलाच भीती वाटली' एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. पण सगळ्या गावात आपल्यालाच आतली बातमी आहे असं कुणाला तरी वाटतंय, याचं सुख फार वाईट असतं. मी काही बोललो नाही. नुसता हसलो. जाणकार माणूस हसतो तसा.

दुपारपर्यंत गावात रिकामा टेम्पो मिळेना. मंचरच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर एकामागे एक उभे राहिले. शेजारच्या गावांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांनीही चाळी फोडल्या. भाव असा पडला की काही जणांनी कांदा परत आणला, तो अंगणातच सडला. आणि पुढे, चांगला भाव आला तेव्हा आमच्या चाळींत फोलपटांशिवाय काही राहिलं नव्हतं.

गावाला कुणावर तरी राग काढायचा होता. दाजींच्या कॉम्प्युटरने गाव बुडवलं असं कुणीतरी म्हणालं आणि ते तिसऱ्या माणसापर्यंत जाईतो सगळ्यांचंच मत झालं. टेम्पो भरले त्याच्या पुढच्याच रविवारी दाजी आले तेव्हा बाकावर टॉवेल नव्हता. कुणी सरकलंही नाही. तात्या समोर बघत म्हणाले, "दाजी, लई झालं. आमच्या चाळी तुमच्या मशिनीत परत घालायच्या न्हाईत. तुमचा खेळ व्हतो, आमचं वरीस जातं."

मी त्याच बाकावर होतो. माझ्या हातात चहाचा ग्लास होता आणि मी त्यात बघत होतो. दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान वर केली नाही. ते "बरं" म्हणाले आणि वळले. त्या दिवशी त्यांना पहिल्याच एसटीत जागा मिळाली. ते कुणाकडे बघत थांबले नसावेत.

मग ते आमच्या गावी आले नाहीत. मी रोज उद्या सांगू म्हणत राहिलो. पहिल्या दिवशी थोडी लाज होती. न सांगितल्याची लाज दुसऱ्या दिवशी त्यात मिसळली आणि पुढे तर ती इतकी झाली की तोंड उघडायला जागाच राहिली नाही. मेव्हणीकडून कळत होतं, लॅपटॉप कपाटात गेलाय, दाजी भाजी आणायलाही बाहेर पडत नाहीत. एक दिवस तिचा फोन आला. जुन्नरचं घर बंद करून मुलीकडे पुण्याला राहायला जायचं ठरलं होतं.

मी मोटारसायकल काढून जुन्नरला गेलो. दाजी सुतळीने पुस्तकं बांधत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते गाठ मारत राहिले. म्हणाले, "माहीत आहे मला. पहिला टेम्पो कुणाच्या दारात लागला, ते मी नाही शोधणार तर कोण? घाबरलात, ते समजतं. माझ्याकडे घाबरणारे पुष्कळ आहेत." मग सुतळी सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "पण त्या दिवशी बाकावर गप्प का बसलात? मी फार विचार केला, पाहुणे. तसा स्वभाव मला एकाही ठिपक्याला देता आला नाही. द्यावासा वाटला नाही."

मी म्हणालो, "दाजी, चला माझ्याबरोबर."

ते नको नको म्हणत होते. मेव्हणीने त्यांच्या हातात टोपी दिली, "जा वो," एवढंच म्हणाली. नारायणगाव आलं, मंचर आलं, मागे बसलेल्या दाजींनी टोपी हातातच धरली होती. टपरीवर नेहमीची मंडळी होती. तात्या होते. आम्हाला बघून बोलणं थांबलं. दाजी गाडीजवळच उभे राहिले, परक्या गावात आल्यासारखे.

मी बाकासमोर जाऊन सांगितलं. दाजी 'हे खरं धरू नका' म्हणाले होते, ते ऐकूनही मी टेम्पो बोलावला. तात्यांनी विचारलं तेव्हा हसलो. गाव दाजींना बोललं तेव्हा ग्लासात बघत बसलो. बोलताना माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

तात्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मास्तर," ते म्हणाले, "आमी चाळी आमच्या हातानं फोडल्या. त्यो हिशेब आमचा आमी बघू. पन हे आमाला काय सांगतोयस? ज्याला सांगायचं त्यो तिथं उन्हात हुबा हाय."

मी वळलो. दाजी टोपी हातात धरून उभे होते. जवळ गेलो तेव्हा त्यांचे केस किती पांढरे झालेत ते दिसलं.

"दाजी," मी म्हणालो, "तुम्हाला सगळ्यांसमोर एकटं पाडलं मी. चुकलं माझं. मला माफ करा."