गोठ्याची खोली

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी कारकून म्हणून तिथं बदलून आलो. शहरात खोली मिळेना. औसा रस्त्यावरच्या एका गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला आपला गोठा भाड्यानं दिला. दुष्काळात कडबा संपला, तेव्हा त्यानं बैलजोडी बाजारात विकली होती. मग रिकाम्या गोठ्याला भिंत घालून, फरशी बसवून त्यानं स्वतःच्या हातानं त्याची खोली केली.

सगळ्या खांबांना त्यानं रंग दिला होता, एक सोडून. बैल मान घासत त्या जागी तो खांब गुळगुळीत झाला होता. जाता-येता म्हाताऱ्याचा तळवा त्यावरून फिरे. पहाटे कधी तो दार ढकलून आत येई आणि मला पाहून ओशाळे.

"सवय हाय सायेब, चारा टाकायची."

"बैल कुणी घेतले, मामा?" मी एकदा विचारलं.

"इचारलं न्हाई. इचारलं आसतं तर हातातून दावं सुटलं नसतं."

दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला. बांधावर गुडघाभर गवत वाढलं. मी म्हटलं, "मामा, आता घ्या की एखादी जोडी."

त्यानं माझी खाट, स्टोव्ह, दोरीवरचे कपडे पाहिले.

"घेतली आसती," तो हळूच म्हणाला, "पर बांधू कुठं?"

खोली सोडतो, एवढं मी म्हणायला हवं होतं. शहरात तेव्हा खोल्या मिळू लागल्या होत्या. मी तिथंच आणखी चार वर्षं राहिलो.