डिकीतले जॉबर

सोलापुरात ज्याच्या गाडीतून आवाज येतो त्याला देव दोनच, एक सिद्धेश्वर आणि दुसरे आमच्या गल्लीतले जॉबर. त्यातही सिद्धेश्वराला नुसता नवस बोलून भागतं. जॉबरना आवाज काढून दाखवावा लागतो. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा माणूस. चादरींच्या कारखान्यात चाळीस माग एका वेळी खडखडत असताना त्यातला एक कुरकुरतोय हे त्यांना दारातूनच कळायचं. कारखाना बंद पडला, तसे ते जावयाच्या गॅरेजमधल्या बाकावर येऊन बसले आणि मागांवरून गाड्यांवर आले. स्वतःला गाडी चालवता येत नाही. येतात सायकलवर, आणि त्या सायकलीचा मडगार्ड अख्ख्या गल्लीची झोपमोड करतो. त्याबद्दल विचारलं तर शांतपणे म्हणतात, "तो कुटला आवाज हाय ते मला ठाऊक हाय की. ठाऊक असलेल्या आवाजाचा तरास न्हाय."

गाडी नंतर, आधी मालकाने तोंडाने आवाज करायचा, हा त्यांचा नियम. एकदा कॉलेजचे एक प्राचार्य आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. म्हणाले, "पुढून खट्खट् असं काहीतरी..." जॉबर म्हणाले, "काहीतरी कसं चालंल सर? नीट वाजवा." पाच-सहा प्रयत्न झाले. आजूबाजूचे लोक चहा टाकून बघायला आले. शेवटी प्राचार्यांनी डोळे मिटून, गाल फुगवून असा काही 'घुडुक' काढला, की जॉबरनी मांडीवर थाप मारली, "डावा शॉकॲब्सॉर्बर!" गाडी रस्त्यापलीकडे उभी होती, तिच्याकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नव्हतं. खोलल्यावर डावाच निघाला. एवढं करूनही आवाज सापडला नाही तर ते चपला काढून गाडीत बसतात आणि तळपायांनी ऐकतात. मागांपाशी उभं राहून जन्म गेला, त्यामुळे त्यांचा कानांपेक्षा पायांवर जास्त विश्वास. मी शिकलेला माणूस, पण ते अनवाणी गाडीत चढले की माझे हात आपोआप जोडले जातात.

माझ्या गाडीचा आवाज मात्र चार गॅरेजांना पुरून उरला होता. स्पीडब्रेकरवर कधीतरी 'खट्' व्हायचं आणि मेकॅनिक शेजारी बसला की गाडी एकदम सोवळ्यात. बुश बदलले, लिंक रॉड बदलले, आवाज तसाच. जॉबरनी विचारलं, "पयल्यांदा कवा आला? तवा कोण कुटं बसलेलं?" मी सांगितलं, तीन वर्षांपूर्वी, भाचीच्या लग्नाला माढ्याला जाताना. मी चालवत होतो, शेजारी माझा थोरला भाऊ, मागे आई आणि बायको, डिकीत आहेराच्या चादरींचं गाठोडं.

"मग तसंच बसा. बोलवा भावाला."

इथेच घोडं अडलं. त्याच लग्नात मानाचा फेटा चुकून आधी मला बांधला गेला आणि दादा न जेवता एसटीने परत आला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तीन वर्षं आई दोन घरांमध्ये निरोप्याचं काम करत होती आणि प्रत्येक सणाला थोडी थोडी खचत होती. मी म्हणालो, "दादा परगावी असतो."

"कुटं?"

"सात रस्त्याला."

"सात रस्ता परगावात कवापासून गेला?" असं म्हणून त्यांनी सायकल काढली. दादाला ते काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. पण रविवारी सकाळी दादा गॅरेजवर हजर. माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "मी फक्त गाडीसाठी आलोय." गाठोड्याच्या जागी जॉबर डिकीत शिरले, चपला बाहेर ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन. निघालो अक्कलकोट रोडने. एक स्पीडब्रेकर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. गाडी गप्प, आम्हीही गप्प. दादा खिडकीला चिकटून बाहेर बघत होता.

डिकीतून प्रश्न आला, "तवा बी असंच बसलेलं का?"

आई म्हणाली, "कुठलं! तेव्हा थोरला धाकट्याकडं वळून, त्याच्या सीटवर हात टाकून बसलेला. दोघांची बडबड थांबत नव्हती."

"मग वळा की! वजन तिकडं गेलं पायजे. आणि बोला. बोलताना मानूस हलतंय."

दादाने खिडकीची काच वर केली. मग वळला. माझ्या सीटवर हात टाकला. म्हणाला, "फेटा तुला आधी बांधला त्याचं काय नाही रे. तू तसाच बसून राहिलास. एकदा माझ्याकडं बघायचं तरी."

चौथा स्पीडब्रेकर. खट्!

"सापडला!" डिकीतून आरोळी आली. "थांबवा, थांबवा!" दादाच्या वाक्यातला एक शब्दही त्यांच्या कानावर गेला नव्हता.

इंजिनाखालच्या सांगाड्याचा उजवा बोल्ट अर्धा आटा सैल होता. जॉबरनी पान्याने तो आवळला, हात पुसले आणि फर्मावलं, "आता परत तसंच बसून एक राउंड. बोलत ऱ्हावा."

आता पाळी माझी होती. पहिला स्पीडब्रेकर दिसला तेव्हा कसंबसं म्हणालो, "बघितलं होतं दादा. लगेच बघितलं. तोवर तुझी खुर्ची रिकामी झाली होती."

दादाचा हात माझ्या सीटवर तसाच राहिला. मागे आई पदराने डोळे टिपत होती, बायको तिचा हात धरून बसली होती, आणि डिकीत जॉबर समाधानाने म्हणत होते, "गेला. पार गेला."

दर दिवाळीला आम्ही दोघे भाऊ जोडीने त्यांच्या पाया पडायला जातो. ते ओशाळतात, पाय मागे घेतात आणि म्हणतात, "एका बोल्टासाठी किती वर्सं येनार रं तुमी?"