पाठराखीण

तो आठवडाभर माझं कशातच मन लागत नव्हतं. नागपूरहून भावाचा फोन आला होता. आईला औषधोपचारासाठी कायमचं त्याच्याकडे न्यायचं त्याने ठरवलं होतं आणि तिचं सगळं करणाऱ्या आमच्या बाईंनाही सोबत. "पाठराखीण म्हणून धाडून दे," तो हसत म्हणाला. नवरीसोबत सासरी धाडतात, तशी. बाईंच्या कानावर घालायचं काम तेवढं माझ्या गळ्यात पडलं. विषय जिभेवर यायचा आणि मी दुसरंच काहीतरी बोलायचे.

रविवारी दुपारी आई झोपली तेव्हा मी लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी विनोदी सिनेमा लावला. बाई शेंगा सोलत शेजारी बसल्या. मी त्यांना मराठीत सांगत होते. एक साहेब खेळात आपला नोकर हरतो. जिंकलेले लोक त्या नोकराला सातासमुद्रापार नेतात आणि तिथे तो स्वतःची खानावळ काढतो. नोकर हरल्याचं सांगताना मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

"त्याले इचारलं नाई काय कोनी?"

"नाही ना, तीच तर गंमत आहे."

बोलले आणि माझी मलाच चीड आली. भावाची तर आधीपासून होतीच. सिनेमा बंद केला, उगाच दोनदा अंगणात जाऊन आले, आणि शेवटी पाठराखिणीसकट सगळं एका दमात सांगून टाकलं.

बाईंनी शेंगा बाजूला सारल्या.

"पाठराखीन जाते ना, ताई. पन ते नवरीले पोचवून वापस येते. मी मायचं सारं लावून देतो आन येतो. मले बहिनीसंग बस स्टँडवर आलुबोंड्याची गाडी लावाची आहे."

गाडीचं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं म्हणे. आईकडे पाहून त्यांनाही सांगवत नव्हतं.

बाई आईसोबत नागपूरला गेल्या आणि निघताना तिला बाजारात जाऊन येते एवढंच सांगून परत आल्या. गाडी छान चालते. भाऊ माझ्यावर अजून धुमसतोय, धुमसू दे.

पण आई रोज फोनवर विचारते, बाई बाजारातून अजून आल्या कशा नाहीत. येतील म्हणते मी, आणि घाईघाईने फोन ठेवते.