काहूनकाका

भांडायची वेळ आली की काहूनकाकांचा आवाज खाली यायचा. इतका खाली, की समोरच्याला कान पुढे करावा लागे. एरवी ते चांगलं पुस्तकी मराठी बोलत. वडील अकोल्यात भिक्षुकी करायचे, घरात पहाटेपासून पाठांतर, त्यामुळे उच्चार कसे धुतल्यासारखे. पण कुणी नको ते मागायला लागलं की काका सरळ वऱ्हाडीत उतरत आणि 'का?' अशा अर्थाचा एकच शब्द बोलत, "काहून?" मग चष्मा काढून रुमालाने पुसत बसत. उत्तर येईपर्यंत पुसत. त्या शांततेत समोरच्या माणसाची फार पंचाईत व्हायची.

त्यांचं खरं नाव श्रीनिवास. अमरावतीच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आम्ही दोघंही केमिस्ट होतो. गावोगावच्या विहिरींचं, नळांचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येई आणि ते पिण्याजोगं आहे की नाही ते आम्ही सांगत असू. काम सरकारी, पण आम्ही सरकारचे नव्हतो. माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीने आम्हाला कंत्राटावर तिथे ठेवलं होतं. अकरा महिने झाले की नवा करार, आणि दर करारामागे एजन्सीची फी.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते या एजन्सीच्या कचेरीत. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर ती होती. मी नांदगाव खंडेश्वरहून बाबांबरोबर आले होते. बी.एस्सी. झाल्यावर मिळालेलं पहिलंच काम. तिथल्या तरुण मॅनेजरने फी सांगितली आणि वर म्हणाला, "ओरिजिनल सर्टिफिकेटं इथंच जमा करावी लागतील." बाबांनी निमूटपणे पिशवी उघडली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "काहून?"

मॅनेजरने वर पाहिलं. "काका, कंपनीची पॉलिसी आहे. मुलं काम सोडून पळून जातात."

"पयून गेली तर हिच्या सर्टिफिकेटाचं तुमी काय करसान? तुमी बी.एस्सी. होनार आहे काय त्याच्यावर?"

क्लासच्या जिन्यावर उभी असलेली पोरंसुद्धा हसली. मॅनेजर स्वतःही हसला आणि झेरॉक्स घेऊन त्याने मूळ कागद परत केले. फी मात्र गेली ती गेलीच. खाली उतरून चहा घेताना बाबा काकांचे आभार मानायला लागले, तर ते म्हणाले, "आज एवढंच सुटलं. उरलेलं पुढं पाहू."

त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की चहाचा कप धरलेला त्यांचा हात थरथरत होता. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना विचारलंही, "काका, तुम्हाला भीती वाटते?" ते म्हणाले, "वाटते ना. म्हणून तर हळू बोलतो. मोठ्यानं बोललो तर आवाज कापते आन मंग सगळ्यांले समजते."

कोणताही कागद ते वाचल्याशिवाय सही करत नसत, आणि वाचत तेही पोथीसारखा, ओठ हलवत, एकेक ओळ. करार नवा करायच्या दिवशी त्यांच्यामागे रांग लागलेली असे आणि रांगेतले आम्ही सगळे मनातून वैतागलेलो असू. बाहेर ऊन, दुपारच्या बाटल्यांची घाई, आणि काका चौथ्या पानावर. कुणी टोकलं तर म्हणत, "सही म्हंजे आपली जबान आहे. दुसऱ्याच्या तोंडात देऊन कसं चालते?" आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत. टोकणाऱ्याचाच तोटा व्हायचा.

'काहून' विचारायची सवय त्यांना घरीही सोडत नसे. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या मुलांना गणित शिकवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, यांना दुसरी पोळी वाढली तरी काहून विचारतात. मी आता उत्तर देत नाही, वाढते." लग्नकार्यात, भाजीबाजारात, बँकेत, काकांबरोबर जाणं म्हणजे वेळ काढूनच जायला हवं. मी सोबत असले की मला कधी कधी अगदी लाज वाटायची.

एकदा एजन्सीच्या मालकाने नवं घर बांधलं. आम्हा सगळ्यांना रविवारी वास्तुशांतीला बोलावणं आलं. पोचल्यावर कळलं की पाहुणे म्हणून नव्हे, पंगतीत वाढायला बोलावलं होतं. कुणी वरणाचं भांडं उचललं, कुणी पाण्याचे जग. काका मात्र थेट पूजेजवळ जाऊन बसले. गुरुजींचा एक मंत्र अडला तो त्यांनी पुढे म्हटला, त्यावर मालकाच्या आईने त्यांना आग्रहाने पहिल्या पंगतीत बसवलं. मॅनेजर जवळ येऊन कुजबुजला, "काका, वाढायला चला." काका बासुंदीची वाटी खाली ठेवत म्हणाले, "निरोपात तं 'सहकुटुंब या' म्हनलं होतं. मी कुटुंब घेऊन आलो." बाजूला काकू बसल्याच होत्या. वाढता वाढता आम्ही तोंडं फिरवून हसलो.

पुढे माझं लग्न झालं. सासरही राजापेठेतच मिळालं, त्यामुळे काम सुटलं नाही. दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. ते पावसाळ्याचे दिवस होते आणि नेमका तेव्हाच करार नवा व्हायचा होता. या वेळी बायकांसाठी करारासोबत एक वेगळा कागद होता. कराराच्या काळात बाळंतपणाची रजा मागणार नाही, आणि गरोदर असल्यास स्वखुशीने राजीनामा देईन, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. मला चौथा महिना होता. मॅनेजर म्हणाला, "ताई, सगळ्याच एजन्सीत असंच असतं. तुम्ही विचार करा, दोन दिवस घ्या."

घरी सासूबाई म्हणाल्या, "सही करून दे माय. नाई म्हनशीन तर आजच काढतीन. पुढचं पुढं पाहू." त्यांचं चुकत होतं असं नाही. घर माझ्या आणि यांच्या, दोघांच्या पगारावर चालत होतं. मी सही करायचं ठरवूनच तो कागद पर्समध्ये घालून प्रयोगशाळेत गेले आणि उगाच, म्हणजे सवयीने, काकांना वाचायला दिला.

त्यांनी तो वाचला. ओठ हलले, थांबले. चष्मा त्यांनी काढला नाही. कागदाची घडी घालून त्यांनी तो मला परत दिला. शेवटी मीच म्हटलं, "काका, काहून नाही विचारणार का त्यांना?"

"नाही," ते पुस्तकी मराठीत म्हणाले. "ज्याला उत्तर असू शकतं, त्यालाच विचारावं. याला नसतं. तू सही करू नकोस. मीही माझ्या करारावर करत नाही."

मी घाबरले. म्हटलं, "तुमचा काय संबंध? तुमच्यासाठी तो कागदच नाही." ते नुसतेच उठले आणि राजापेठेतल्या एजन्सीच्या दिशेने चालू लागले. तिथे ते काय बोलले ते मला ठाऊक नाही. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि आल्या आल्या ते घटाघटा दोन ग्लास पाणी प्याले.

मीही मग सही केली नाही आणि जुना करार संपला. आम्हा दोघांनाही आता कामावर यायचा हक्क नव्हता आणि पगारही नव्हता. मी घरी बसले. पण काका दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला प्रयोगशाळेत हजर. पावसाळ्यात गावांतून बाटल्यांचा ढीग येतो, कुठे जुलाब, कुठे कावीळ. जंतूंची तपासणी त्याच दिवशी लावावी लागते, बाटली ठेवून चालत नाही. काका ॲप्रन घालून कामाला लागले. आमच्या प्रमुख मॅडम कडक होत्या, फारसं बोलत नसत. त्यांनी विचारलं, "तुमची ऑर्डर कुठे आहे?"

"नाही, मॅडम."

"मग काम कसं काय करताय?"

"नांदगावच्या बाटल्या आल्या आहेत. त्या गावाने कुणाचं काय बिघडवलंय?"

त्यावर मॅडमनी त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं आणि मला फोन करून बोलावलं. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्यासमोरच एजन्सीला फोन लावला. "असा कागद माझ्या प्रयोगशाळेच्या नावाने घेतलेला मला चालणार नाही. मागे घ्या, नाहीतर मी वर लिहिते." एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. त्याच आठवड्यात मॅनेजरचा निरोप आला की तो कागद चुकून छापला गेला होता. बायकांपैकी कुणालाच तो द्यावा लागला नाही. माझा करार झाला, पुढे रजाही मिळाली.

काकांचा करार मात्र झाला नाही. एजन्सीने वयाची नवी अट काढली, आणि ती नेमकी त्यांनाच लागू पडत होती. मॅडमनी त्यांच्यासाठीही लिहून पाहिलं, पण माणूस निवडणं एजन्सीच्या हातात होतं. काका आपला ॲप्रन आणि चहाचा मग न्यायला आले तेव्हा मी रडतच म्हटलं, "मीही सोडते, काका."

"येडी झाली काय? तुह्या राजीनाम्यासाठी गेलो काय मी तिथं?" असं म्हणून त्यांनी जंतूतपासणीच्या इनक्यूबेटरकडे बोट दाखवलं. "तापमान पाह्य. रडता रडता वाढवून ठेवलं तुनं."

ते अकोल्याला परत गेले. तिथे एका तेल गिरणीच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं, थेट मालकाकडे, मधे कुणी नाही. पगार कमी होता, असं काकू फोनवर बोलून गेल्या. काकांनी स्वतः कधी विषय काढला नाही.

मुलगी झाली आणि मी माहेरहून राजापेठेत परत आले, तेव्हा ते एका दुपारी अकोल्याहून बसने तिला पाहायला आले. आधी मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, मग खुर्चीत ताठ बसून तिला मांडीवर घेतलं. ती लगेच झोपली. बराच वेळ झाला. यांनी आठवण करून दिली, "काका, तुमची बस." काका म्हणाले, "जाऊ द्या. हललो तर उठेल ती." आणि खरोखरच हलले नाहीत. पाय आखडला असावा, कारण मधूनच तोंड वाकडं करत होते.

सासूबाई चहा घेऊन आल्या. काकांचे दोन्ही हात गुंतलेले. माझ्या सासूबाई परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या. पण त्या स्टूल ओढून समोर बसल्या, चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. "प्या, भाऊ," म्हणाल्या. काका संकोचून प्याले.

ती आमची शेवटची भेट. त्या उन्हाळ्यात अकोल्यात, गिरणीतून घरी येताना, त्यांना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. काकूंचा फोन सकाळी सासूबाईंनीच घेतला. मला जवळ बसवून त्यांनी सांगितलं आणि मी अकोल्याला निघाले. मागे घरात काय झालं ते मला नंतर कळलं. दुपार टळली तरी स्वयंपाकाची काही हालचाल दिसेना, म्हणून सासऱ्यांनी सासूबाईंना विचारलं, आज गॅस काहून पेटला नाही.

"घरचा मानूस गेला," त्या म्हणाल्या.