प्रतिभाताईंचा पंधरा सेकंदांचा कॉम्प्युटर

प्रतिभा दिघे यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं असेल तर शपथ! छत्तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवलं, तो कडकपणा निवृत्तीनंतरही अंगातून गेला नाही. कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा देवास गेटजवळचा दुकानदार म्हणत होता, मॅडम, दो घंटे में जोडके देता हूँ. पण बाईंनी त्याला उडवून लावलं. टोरांटोच्या मुलाने, रुचिरने, पाठवलेल्या यादीप्रमाणे सुटे भाग घेतले आणि रिक्षात घालून माधव नगरच्या घरी आणले.

आणि खरंच जोडला हो! दोन दिवसांत, जेवणाच्या टेबलावर. सहा माणसांच्या त्या टेबलावर हल्ली एकच ताट मांडलं जायचं, त्यामुळे जागेची काही अडचण नव्हती.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर कंपनीचं नाव आलं, आणि पंधराव्या सेकंदाला सगळं ठप्प. परत दाबलं, परत ठप्प.

रुचिरचा फोन एरवी रविवारी यायचा, सात-आठ मिनिटांचा. औषधं घेतलीस का, कामवाली आली का, झालं. त्या बुधवारी मात्र त्याने व्हिडिओ लावून तासभर डोकं घातलं. इकडे संध्याकाळचे सहा, तिकडे त्याचा सकाळचा चहा. ही पट्टी काढ, त्या खाचेत बसव, ती वायर घट्ट कर. जमलं नाही तेव्हा म्हणाला, उद्या परत बघू.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशीही. मधूनच तो साहेबाच्या नावाने बोटं मोडी, मधूनच मुगाच्या उसळीला फोडणी कशी द्यायची ते विचारी. एकदा बाबांच्या स्कूटरची गोष्ट निघाली आणि मायलेक पोट धरून हसले. दिघे जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात असं मोठ्याने कुणी हसलं नव्हतं. प्रतिभाताई पाच वाजल्यापासून बरी साडी नेसून फोनसमोर बसायला लागल्या.

पण फिजिक्सवालीचं डोकं गप्प बसतंय थोडंच! पहिल्यांदा लावला की पंधरा सेकंद चालतो, लगेच लावला तर पाचच. तासभर थंड होऊ दिला की पुन्हा पंधरा. मतलब, तापतोय. सोमवारी दुपारी त्यांनी चार स्क्रू काढून आतल्या मुख्य चिपवरचा पंखा उचलला. त्याच्या बुडाला नवेपणाचं पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं. उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती.

आणि ते निघणार तरी कसं? या घरात फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक अकरा वर्षं जागेवर होतं, टीव्हीचा रिमोट पिशवीत नांदत होता. नव्या वस्तूचं कव्हर काढणं म्हणजे उधळपट्टीच. लावतानाच त्यांना वाटलं होतं, असू दे, खराब नाही होणार.

त्यांनी नखाने प्लास्टिकचं टोक सोडवलं. घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते. सहाला फोन येणार होता.

त्यांनी ते टोक बोटाने पुन्हा चिकटवलं, पंखा बसवला आणि चारही स्क्रू आवळले.

सहाला रुचिरने नेमकं तेच विचारलं. "आई, पंख्याखाली प्लास्टिक असतं बघ. ते काढलं होतंस ना?"

"काढलं रे. मी काय खुळी आहे?"

प्रयोग न करता मनाने रीडिंग भरणाऱ्या मुलींच्या वह्या ज्या बाईने खिडकीबाहेर भिरकावल्या, तिची जीभ जराही अडखळली नाही.

 मग बोर्डच खराब आहे, असं रुचिर म्हणाला. "जाऊ दे आई, तू टेन्शन नको घेऊ. तुझी किती दगदग होऊन राहिली. मी लॅपटॉप मागवून टाकतो, उघडला की चालू. रोज रोज हे घेऊन बसायला नको. रविवारी बोलू."

इतक्या मायेने बोलला की रागावायचीही सोय नाही.

मंगळवारी दुपारी त्यांनी प्लास्टिक ओढून काढलं, चिपची उष्णता पंख्याकडे नेणारी नवी पेस्ट लावली, बटण दाबलं. पंधरा सेकंद गेले. वीस. मिनिट झालं. पडदा निळा उजळला आणि तसाच राहिला. इतका आनंद झाला, की त्या ताडकन उठून फोनपाशी गेल्या. आणि मग उभ्याच राहिल्या. काय सांगणार? प्लास्टिक काढलं, असं कालच सांगून बसल्या होत्या. स्वतःच्या हाताने जोडलेलं यंत्र चालू झालं, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगता येईना. घरात दुसरं ऐकायला कोण होतं?

सहा वाजले. फोन आला नाही. सव्वासहाला त्यांनीच लावला.

"आई? मी निघतोय गं, उशीर झालाय. काही हवंय का?" रुचिर धापा टाकत होता.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "तू जा."